आई विसरते, तेव्हा आठवते कोण?



आज धम्मातला एक जड विषय घ्यायचा आहे, पण सुरुवात घरापासून करतो. आमच्या आईने यंदा ऐंशी गाठली. गेली तीन वर्षे तिला विस्मरणाचा आजार जडला आहे. मी अठ्ठावन्न वर्षांचा, नुकताच नोकरीतून निवृत्त झालेला माणूस. संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन घरात पाऊल टाकले की ती विचारते, "आला का बापू शाळेतून? भाकर झाकून ठेवली आहे, खाऊन घे." सुनेला कधी सून म्हणून ओळखते, कधी आपली धाकटी बहीण समजते. सकाळी जेवलेले दुपारी तिच्या ध्यानात नसते. आणि हीच आई रविवारी विहारात वंदनेला बसली की त्रिसरण-पंचशीलापासून शेवटपर्यंत एकही शब्द न चुकता म्हणते. शेजारी बसलेल्या बाया चकित होऊन पाहत राहतात.

असेच एका रविवारी विहारातून परतल्यावर माझ्या मुलीने मला विचारले, "बाबा, बुद्धांनी सांगितलं की आत्मा नाही. बरं, आत्मा नाही तर नाही. माणूस म्हणजे त्याच्या आठवणी, असं मी समजत होते. पण आजीच्या तर आठवणीही चालल्या. मग आजीमध्ये आजी म्हणून उरलं काय?"

मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रश्न पुस्तकी नव्हता. विचारताना तिचे डोळे भरून आले होते. त्या रात्री मला उत्तर देता आले नाही. पुढचे काही आठवडे जुनी पुस्तके काढून वाचली, विहारात भन्तेजींशी बोललो. जे हाती लागले ते तुमच्यापुढे ठेवतो, कारण म्हातारे माणूस आज घरोघरी आहे आणि हा प्रश्नही घरोघरी आहे.

आधी एक खोटे उत्तर बाजूला सारू

आमच्याच वस्तीतल्या एका बाईने आईकडे बघून सुस्कारा टाकला, "आत्मा अर्धा निघून गेला बिचारीचा. गेल्या जन्माचे भोग असतात, दुसरं काय!" बाईंच्या घरात तथागतांची मूर्ती आहे, बाबासाहेबांचा फोटो आहे. पण तोंडात शब्द मात्र जुनेच!

राजगृहाच्या वेळुवनात मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाने भगवंतांना नेमके हेच विचारले होते. माणूस जे सुख-दुःख भोगतो ते सगळे पूर्वकर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, त्यावर आपले मत काय? भगवंतांनी त्याला कारणे मोजून दाखवली. काही वेदना पित्ताने होतात, काही कफाने, काही वाताने, काही तिन्ही एकत्र बिघडल्याने, काही ऋतू पालटल्याने, काही हयगयीने, काही इजा झाल्याने आणि काही कर्माच्या विपाकाने. आठ कारणांपैकी कर्म हे एक. जो सगळ्याचाच भार पूर्वकर्मावर टाकतो तो स्वतःचा अनुभवही नाकारतो आणि जगाने खरे मानलेलेही नाकारतो, असे भगवंतांचे सांगणे आहे. आणि परमपूज्य बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्धा अँड हिज धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त कशासाठी वापरला जातो ते उघड करून दाखवले आहे. गरिबाच्या दैन्याची जबाबदारी समाजावर येऊ नये म्हणून!

तेव्हा आजार हा आजार आहे. शरीराला होतो तसा मेंदूलाही होतो. आईच्या आजाराचे वर्णन जर्मन डॉक्टर अलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली केले, म्हणून त्याला त्यांचे नाव मिळाले. यात पाप नाही, शाप नाही.

आत्मा नाही, तर आठवते कोण?

आता मुलीच्या प्रश्नाकडे वळू. हा प्रश्न आपल्याआधी मोठमोठ्या पंडितांनी बौद्धांना विचारला आहे. न्यायदर्शनाचे लोक म्हणत, लहानपणी आंबा पाहणारा आणि म्हातारपणी तो आठवणारा एकच असला पाहिजे. देवदत्ताने पाहिलेले यज्ञदत्ताला कसे आठवणार? म्हणून आत न बदलणारा आत्मा मानलाच पाहिजे.

पेशावरकडचे आचार्य वसुबंधू यांनी 'अभिधर्मकोशा'च्या शेवटच्या प्रकरणात याला उत्तर दिले आहे. ते म्हणतात, देवदत्ताचे यज्ञदत्ताला आठवत नाही हे खरे. पण त्याचे कारण दोघांचे आत्मे वेगळे हे नाही. कारण हे की दोघांच्या चित्तांमध्ये कार्यकारणाचा धागा नाही. एकाच प्रवाहात मागच्या चित्तामुळे पुढचे चित्त घडते, म्हणून मागे अनुभवलेले पुढे आठवते. तेवढ्याने भागते. मध्ये मालकाची गरज नाही.

मी मुलीला हे स्वयंपाकघरातल्या उदाहरणाने सांगितले. आपल्या घरी रोज दही लागते. कालच्या दह्याचा एक चमचा विरजण म्हणून आजच्या दुधात पडतो. आजच्याचा उद्याच्या. तुझ्या आजीने लावलेले विरजण कित्येक वर्षे असेच चालत आले आहे. पहिल्या दिवसाचे दही आज भांड्यात आहे का? नाही. पण आजच्या दह्याची चव त्या पहिल्या दह्यामुळेच अशी आहे ना? शेजारणीच्या दह्याची चव निराळी, कारण तिचे विरजण निराळे. दह्याला आत्मा लागला नाही, तरी दह्याची ओळख टिकली. चित्ताचा प्रवाह तसाच आहे.

भगवंतांच्या हयातीत एका भिक्खूचीही याच ठिकाणी चूक झाली होती. त्याचे नाव साति, कोळ्याचा मुलगा. तो म्हणू लागला की एकच विञ्ञाण म्हणजे जाणीव जन्मोजन्मी न बदलता फिरत असते, असे भगवंत शिकवतात. श्रावस्तीच्या जेतवनात भगवंतांनी त्याला बोलावून घेतले आणि सर्वांसमोर त्याची चूक दुरुस्त केली. जाणीव कारणांवाचून उपजत नाही. डोळा आणि रूप यांच्यामुळे उपजते ती डोळ्याची जाणीव, कान आणि शब्द यांच्यामुळे उपजते ती कानाची. अग्नीला जसे इंधनावरून नाव पडते, लाकडाचा अग्नी, गवताचा अग्नी, शेणाचा अग्नी, तसेच हे. चुलीपुढे बसलेल्या आपल्या आयाबायांना हे वेगळे समजवावे लागत नाही. गोवरीचा जाळ वेगळा, तुराट्यांचा वेगळा. जाळ म्हणून गाठोड्यात बांधून ठेवलेली वस्तू कुठेच नाही.

बाबासाहेबांनीही जाणिवेसाठी विज्ञानातला दाखला दिला आहे. जिथे विद्युत क्षेत्र तिथे चुंबकीय क्षेत्र सोबत असते, तसे जिथे काया तिथे विञ्ञाण. कायेपासून तोडलेली, आकाशात भटकणारी जाणीव त्यांनी मानली नाही. म्हणूनच मेंदूला इजा झाली की आठवणीला इजा होते, यात आपल्याला धक्का बसण्याचे कारण नाही. धक्का आत्मा मानणाऱ्याला बसावा. आत्मा अविनाशी, तर एका आजाराने तो नातवाचे नाव कसा विसरतो?

खूणगाठ आणि भान

आठवण घडते कशी, हेही आपल्या आचार्यांनी बारकाईने पाहिले आहे. माणूस म्हणजे रूप, वेदना, सञ्ञा, संखार आणि विञ्ञाण हे पाच स्कंध. यातल्या सञ्ञेचे काम खूण करण्याचे. आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्गा'त सुताराचे उदाहरण दिले आहे. सुतार लाकडावर खूण करून ठेवतो, म्हणजे पुन्हा पाहिल्यावर 'हेच ते' असे ओळखता येते. आपल्या मराठीत 'मनाशी खूणगाठ बांधली' असे म्हणतातच.

दुसरी गोष्ट सति. हा पालि शब्द ऱ्हस्व आहे. नवऱ्याच्या चितेवर बाईला जाळणाऱ्या प्रथेशी त्याचा संबंध नाही. संस्कृतात त्याला स्मृती म्हणतात. तो शब्द ऐकला की आपल्याला २५ डिसेंबर १९२७ चे महाड आठवते, आणि आठवलेच पाहिजे. पण जी पोथी तिथे जाळली ती वेगळी आणि ही स्मृती वेगळी. सति म्हणजे आठवणही आणि भानही. एकाच शब्दात दोन अर्थ कसे, असा प्रश्न पडेल. पण आपण मराठीत आठवण राहण्याला काय म्हणतो? 'लक्षात राहिले', 'ध्यानात ठेव'. लक्ष दिले ते लक्षात राहिले. ध्यान दिले ते ध्यानात राहिले. भानाशिवाय आठवण नाही, हे आपल्या अडाणी आजीलाही ठाऊक होते.

अभिधम्म सांगतो की सतीचे लक्षण न तरंगणे. भोपळा पाण्यावर तरंगत वाहून जातो, दगड तळाशी स्थिर राहतो. सति असली की मन विषयावर दगडासारखे ठरते, नसली की भोपळ्यासारखे वाहते. आणि ही सति कशाच्या आधाराने उभी राहते? घट्ट सञ्ञेच्या. म्हणजे खूण जितकी खोल, तितकी आठवण पक्की.

मिलिंद राजानेही नागसेन भन्तेंना हे विचारले होते. आठवते ते चित्तानेच ना? मग सति वेगळी कशाला? भन्तेंनी उलट विचारले, एखादे काम करून तुम्ही ते विसरलात असे कधी झाले आहे का? राजा म्हणाला, झाले आहे. तेव्हा तुम्हाला चित्त नव्हते का? चित्त होते, पण सति नव्हती, असे राजालाच कबूल करावे लागले. पुढे आठवण कशाकशाने जागी होते याची मोठी यादी भन्तेंनी दिली आहे. सुखाच्या प्रसंगाने, दुःखाच्या प्रसंगाने, सारखेपणाने, बैलाच्या अंगावरच्या डागासारख्या खुणेने, पाठांतराने, पुस्तकाने, आणि दुसऱ्या कुणी आठवण करून दिल्याने. आठवण फक्त आतूनच येत असती तर शिक्षकांची गरजच उरली नसती, असेही ते म्हणतात.

हे वाचले आणि मला आईचे कोडे थोडे उलगडले. आजचे डॉक्टर सांगतात की या आजारात मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाला लवकर इजा होते आणि नव्या आठवणींची नोंद तिथेच अडते. म्हणून सकाळचे जेवण राहत नाही. जुने, हजारदा घोटलेले मात्र पुष्कळ काळ टिकू शकते. आई १९५६ साली दहा-अकरा वर्षांची होती. उमरेडकडच्या खेड्यातून आजोबांबरोबर नागपूरला गेली. तेव्हापासून वंदना तिच्या जिभेवर आहे. ती खूण सुताराच्या पटाशीने खोल कोरलेली आहे. हिप्पोकॅम्पस आपल्या आचार्यांना ठाऊक नव्हता. पण आठवण कारणांनी घडते आणि कारणे मोडली की मोडते, हे सूत्र त्यांनी धरून ठेवले होते. नव्या ज्ञानाने ते सूत्र मोडत नाही.

माझी चूक

आता स्वतःची एक गोष्ट कबूल करतो. दिवाळीच्या सुमारास आईने गॅस सुरू ठेवून दिला आणि ती अंगणात जाऊन बसली. मी घाबरलो आणि घाबरल्यामुळे तिच्यावर ओरडलो. नको ते बोललो. ती गप्प झाली. पंधरा-वीस मिनिटांनी मी तिच्याजवळ गेलो. काय झाले होते ते तिला मुळीच आठवत नव्हते. मला हायसे वाटले. म्हटले, बरे झाले, विसरली!

पण त्या रात्री ती जेवली नाही. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली. सुनेने विचारले, "आई, काय होतंय?" तर म्हणाली, "काही नाही बाई. जीव कसा तरी होतो."

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात २०१४ साली याच आजाराच्या रुग्णांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना दुःखाचे आणि आनंदाचे चित्रपटांचे तुकडे दाखवले. थोड्याच वेळात काय पाहिले ते त्यांना धड आठवेना. पण दुःखी तुकड्याने आलेली उदासी आणि आनंदी तुकड्याने आलेली प्रसन्नता मागे टिकून राहिली. प्रसंग विसरला, वेदना राहिली.

मला वसुबंधूंचे उत्तर तेव्हा खरे कळले. मागच्या चित्ताने पुढचे चित्त घडते. मी दिलेली खूण पुसली गेली, पण मी ओरडलेल्या क्षणाने पुढच्या क्षणाला जो रंग दिला, तो पुसला गेला नाही. 'तिला कुठे कळतंय' असे म्हणून आपण म्हाताऱ्या माणसांसमोर काय काय बोलतो! तिला आठवत नसेल, पण तिच्यात ते उतरते. उलट बाजूनेही हेच खरे आहे. तुम्ही दहा मिनिटे तिचा हात धरून बसलात, केस विंचरून दिलेत, तर ते ती विसरेल. पण त्यानंतरचा तिचा तास सुखाचा जाईल. ते वाया जात नाही.

एकाची आठवण सगळ्यांनी सांभाळावी

आणखी एक. आपला सगळा धम्म आठवणीवर जगला आहे. भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली. महाकाश्यप विचारत गेले, आनंदांनी सुत्ते सांगितली आणि विनय सांगितला उपालींनी, जे पूर्वी शाक्यांचे न्हावी होते. स्मरणशक्ती असलेल्यांमध्ये भगवंतांनी आनंदांना अग्रस्थान दिले होते. आणि आमच्या भगिनींनी ध्यानात ठेवावे असे दुसरे नाव आहे खुज्जुत्तरा. कौशांबीच्या सामावती राणीची ही कुबडी दासी. भगवंतांचे प्रवचन ऐकून यायची आणि राजवाड्यातल्या स्त्रियांना जसेच्या तसे सांगायची. 'इतिवुत्तक' हा ग्रंथ तिच्या स्मरणातून आला अशी परंपरा आहे. मिलिंद राजाला आपोआप आठवणाऱ्यांची उदाहरणे देताना नागसेन भन्तेंनी दोन नावे घेतली, आनंद आणि ही दासी.

पुढे काही शतके त्रिपिटक लिहिले गेले नव्हते. भाणक म्हणजे पाठ करणारे भिक्खू ते तोंडाने पुढे नेत होते. लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या लेण्यात गेलात तर एका स्तंभावर सोपाऱ्याच्या अशा भाणकाने दिलेल्या दानाचा लेख आहे. म्हणजे एकाच्या डोक्यावर भार नव्हता. एक विसरला तर दुसरा सांगायचा. आठवण संघाची होती.

घरही तसेच असावे. आई जे विसरली ते आता आम्ही आठवावे. १९५६ ची हकिगत ती कधी बैलगाडीची सांगते, कधी रेल्वेची. आधी मी तिला दुरुस्त करत असे. आता करत नाही. आठवण ही पेटीत ठेवलेले लुगडे नाही, प्रत्येक वेळी ती नव्याने घडते, त्यामुळे फरक पडणारच. पण यातून धडा घ्या. तुमच्या घरात त्या काळातली जी माणसे आज बोलती आहेत, त्यांच्याकडून आताच विचारून लिहून घ्या. गाव, वर्ष, कोण सोबत होते, काय खाल्ले, देव्हाऱ्यातल्या देवांचे काय केले, सगळे. पुस्तकानेही आठवण जागी होते, असे भन्ते नागसेन सांगून गेले आहेत.

घरी काय करावे?

विसरभोळेपणा वाढला की देवऋषी, भगत, अंगारे-धुपारे यांच्या नादी लागू नका. डॉक्टरांना दाखवा. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा बिघाड, मनाची खिन्नता यांनीही विस्मरण होते आणि त्यावर उपचार आहेत. 'ओळख पाहू मी कोण?' अशी परीक्षा घेऊ नका. स्वतःच सांगा, 'आई, मी तुझा बापू.' तोच प्रश्न दहाव्यांदा आला तरी पहिल्यांदा आल्यासारखे उत्तर द्या. तिच्यासाठी तो पहिलाच असतो. तिला जे पाठ आहे ते तिच्याबरोबर म्हणा. आणि सांभाळणाऱ्या सुनेला, लेकीला आठवड्यातून एक दिवस तरी मोकळीक द्या. सगळा भार एकीवर टाकून आपण करुणेवर भाषणे देऊ नयेत.

शेवटी मुलीचे उत्तर. मी तिला म्हणालो, "बेटा, आजी म्हणजे आठवणींची पेटी नव्हतीच कधी, की रिकामी झाली म्हणून संपली. आजी हा एक प्रवाह आहे. तिने जे दिलं ते तुझ्यात, माझ्यात वाहत आलं आहे. आणि तिच्यात आज काय वाहील, ते बरंचसं आपण तिच्याशी कसं वागतो त्यावर आहे."

ती काही बोलली नाही. पण परवाच्या रविवारी आईने तिला विचारले, "कोणाची गं पोर तू?" मुलगी म्हणाली, "तुमचीच, आजी." आणि तिचा हात हातात घेऊन तिने वंदना सुरू केली. तिसऱ्या ओळीला मुलीचा उच्चार चुकला. आईने डोळे न उघडताच तो दुरुस्त केला आणि पुढे म्हणत राहिली.

नमो बुद्धाय. जयभीम.